आतल्या खोलीचं उदासिनीकरण

वास पहिल्यांदा बायकोला आला. त्या घरात बहुतेक गोष्टी पहिल्यांदा तिलाच यायच्या. राग, शंका, पाहुण्यांचा कंटाळा, सगळं. तटस्थरावांपर्यंत ते पोहोचायचं तोवर शिळं झालेलं असायचं. आतल्या खोलीत शिलाई मशीनवर बसल्या बसल्या ती ओरडली, "अहो, इथं काहीतरी आंबलंय!"

तटस्थराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "असेल." आणि मग आपण एका बाजूला फारच झुकलो असं वाटून, "नसेलही."

तटस्थराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते इमारतीने बहाल केलं होतं. खालच्या मोकळ्या जागेत स्कूटर कुणी लावायची यावरून एकदा दोन बिऱ्हाडांत गळे धरण्यापर्यंत पाळी आली, आणि साक्षीला यांना बोलावलं. यांनी दोन्ही बाजू मान हलवत ऐकल्या, चष्मा पुसला आणि निकाल दिला, "दोघांचंही बरोबर आहे." त्या दिवसापासून ती दोन बिऱ्हाडं एकमेकांशी गोडीगुलाबीने वागू लागली आणि दोघांनीही यांच्याशी बोलणं टाकलं.

त्यांची नोकरीच तशी होती. रंगाच्या कारखान्यात एका टोकाला सांडपाण्याच्या टाक्या होत्या, आणि तिथे पत्र्याच्या पाटीवर लिहिलं होतं 'उदासिनीकरण विभाग'. नवीन माणसं ती पाटी वाचून हळहळायची. इथे लोकांना दुःखी करण्यासाठी वेगळा विभाग आहे असं त्यांना वाटायचं. खरं तर तिथे आंबट पाणी यायचं, हाताला लागलं तर कातडी सोलून काढणारं. तटस्थरावांनी त्यात कालवलेला चुना सोडायचा, ढवळायचं आणि कागदाची पिवळी पट्टी बुडवून बघायची. लाल झाली तर आम्ल, जांभळी झाली तर चुना जास्त, आणि हिरवी झाली की पाणी ना आंबट ना तुरट, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. मग ते खुशाल नाल्यात सोडायचं. या कामाचा तटस्थरावांना केवढा अभिमान! ते म्हणत, वायरमनला न्यूट्रलची तार लागते, ड्रायव्हरला न्यूट्रलचा गिअर लागतो, दोन देश भांडले की बोलणी करायला तिसरा न्यूट्रल देश लागतो. जग चालतं ते मधल्या माणसांच्या जिवावर. बायको म्हणायची, "न्यूट्रलला टाकल्यावर गाडी जागची हलत नाही, तेवढं मला माहीत आहे."

वास मात्र हलेना. बायको त्या खोलीत शेजारणींचे कपडे शिवायची आणि गिऱ्हाइकं आता दारातूनच कापड देऊन नाक दाबून पळायची. छताच्या कोपऱ्यात ओल दिसत होती, तेव्हा तटस्थराव वरच्या मजल्यावर गेले. तिथे कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार राहत.

"तुमच्या न्हाणीघरातून आमच्याकडे पाणी झिरपतं," तटस्थराव म्हणाले. "म्हणजे, तसं दिसतं."

"पाणी खाली जातं हा पाण्याचा स्वभाव," शिरस्तेदार शांतपणे म्हणाले. "वर गेलं असतं तर मी जबाबदार."

यात मुद्दा आहे, असं तटस्थरावांना प्रामाणिकपणे वाटलं. ते चहा पिऊन खाली आले. बायकोने स्वतः जाऊन शिरस्तेदारांचा असा उद्धार केला, की त्यांनी त्याच दिवशी गवंडी आणून गळती बुजवली. ओल वाळली. वास तेवढा राहिला.

मग नगरपालिकेचा आरोग्य निरीक्षक आला. त्याने खोलीच्या मधोमध उभं राहून हुंगलं आणि विचारलं, "वास बाहेरून आत येतो, की आतून बाहेर जातो?"

"आतच असतो," बायको म्हणाली.

"मग अवघड आहे. बाहेरून आत आला असता तर आमचं खातं. आतून बाहेर गेला असता तर शेजाऱ्यांनी तक्रार करायची. आतल्या आत राहणाऱ्या वासाला खातंच नाही." एवढं बोलून तो गेला.

"मी करतो," तटस्थराव म्हणाले. बायकोने मशीन थांबवून त्यांच्याकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून हे वाक्य त्या घरात उच्चारलं गेलेलं नव्हतं.

त्यांचं गणित साधं होतं. वास आंबट, म्हणजे आम्ल. चुना लावला की संपला. पण बादलीत चुना कालवायला घेतला आणि बातमी जिना उतरून गेली. तळमजल्यावरच्या भूगोलाच्या बाई कॉफीची पूड घेऊन आल्या. वास शोषून घेण्यात कॉफीचा हात कुणी धरत नाही म्हणाल्या. शिरस्तेदारांनी, झालं गेलं विसरून, कोळशाची भुकटी पाठवली. सोसायटीचे सचिव खायचा सोडा घेऊन आले आणि तो सोसायटीच्या वतीने दिला आहे असं समजावं म्हणाले. एकाचं घ्यायचं आणि दुसऱ्याचं नाही, हे तटस्थरावांच्या तत्त्वात बसेना. त्यांनी सगळंच घातलं. ब्रश आणायला रंगाच्या दुकानात गेले तर दुकानदाराने काउंटरखालून एक चिठ्ठी नसलेली पिशवी काढली. आत पिठासारखी पांढरी भुकटी होती.

"हीसुद्धा टाका. सगळं घालवते."

"काय आहे ही?"

"ते मला माहीत नाही. पण ज्यांनी नेली त्यांच्यापैकी एकही तक्रार घेऊन परत आला नाही." तीही बादलीत गेली.

कारखान्यात एक नियम होता. चुना सावकाश विरघळतो. आपण ओतायचं थांबलो तरी तो आपलं काम थांबवत नाही. म्हणून पट्टी हिरवी व्हायच्या जरा आधीच हात आखडायचा. टाकीवर तटस्थराव हे डोळे मिटून करत. पण भिंतीला पट्टी कुठे लावणार, आणि वासाचा रंग कुठे बघणार? त्यांनी एक हात मारला, वास कमी झाला. दुसरा मारला, वास गेला. आणि सबंध इमारत दारात उभी राहून वाहवा करत असताना हात आखडता घेणं कुणाला जमलंय? त्यांनी तिसरा मारला. बादली रिकामी होईपर्यंत मारत राहिले.

खोली पांढरीशुभ्र झाली. वास समूळ गेला. आठवडाभर तटस्थराव छाती काढून चालले.

पहिली खूण इतकी किरकोळ होती, की ते हसलेच. बायकोने खिडकीत मोगऱ्याची कुंडी ठेवली होती. फुलं टपोरी आली, पण वासच नाही. नाक आत खुपसलं तरी नाही. कुंडी बाहेरच्या खोलीत आणली तरी तो परतला नाही. मग एकदा लिंबाचं सरबत घेऊन ते आत वर्तमानपत्र वाचत बसले. घोट घेतला तर नुसतं पाणी. त्यांनी पेल्यात डोकावून पाहिलं. लिंबाची बी तळाशी दिसत होती.

मग भूगोलाच्या बाई आल्या. बायकोने त्यांच्या कुडत्याची बाही तोकडी शिवली होती आणि बाई ते कुडतं पताकेसारखं फडकवत, तोंडाने जाळ काढत आत शिरल्या. बाहेरच्या खोलीत तटस्थरावांनी सवयीने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. आतून काही आवाजच आला नाही. थोड्या वेळाने बाई शांतपणे बाहेर आल्या.

"काय झालं?" तटस्थरावांनी विचारलं.

"कशाचं?" बाई म्हणाल्या, आणि कुडतं तिथेच विसरून जिना उतरून गेल्या.

ही गोष्ट इमारतीत पसरायला वेळ लागला नाही. लोक हाताला धरून भांडकुदळ नवऱ्यांना, जावांना, सासवांना घेऊन येऊ लागले. "जरा पाच मिनिटं आत बसवू का हो?" कुणी आत जाताना दातओठ खात असे, बाहेर येताना चेहरा पाटीसारखा पुसलेला. सचिवांनी तर सोसायटीची सभाच त्या खोलीत घेतली. इतिहासात प्रथमच सभेत कुणी खुर्ची उचलली नाही. कुणी काही मांडलंच नाही. सगळे भिंतींकडे तोंड करून बसले आणि दिवे लागायच्या सुमारास उठून घरी गेले. आभार मानायचे राहिले हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. शिरस्तेदार पायरीवर म्हणाले, "फार छान सभा झाली." मग थांबून म्हणाले, "झाली ना?"

तटस्थरावांना कुणी हार घातला नाही एवढंच. त्यांना मनातून वाटत होतं, की आपण जे आयुष्यभर सांगत आलो ते अखेर एका खोलीपुरतं तरी खरं झालं. या आनंदात त्यांच्या एक गोष्ट लक्षात यायची राहिली. बाकीचे पाच मिनिटं बसत होते. बायको तिथे दिवसभर बसत होती.

आधी त्यांना बरंच वाटलं. ओला टॉवेल गादीवर टाकला तरी कुणी बोललं नाही. चहा दोनदा मागितला, दोनदा मिळाला. मग एकदा मुलाचा फोन आला. मुलगा परगावी नोकरीला होता. दर रविवारी आई त्याच्यावर तोंडसुख घ्यायची, केस का वाढवलेस, जेवतोस की नाही, येतोस कधी, आणि फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. या वेळी तिने नुसतं "बरं" म्हणून फोन ठेवला. जरा वेळाने त्याचाच फोन तटस्थरावांना आला.

"बाबा, आईला काय झालंय?"

"का रे?"

"मी तिला म्हटलं, सुट्टीत येत नाही. ती मला रागावलीच नाही." मुलाचा आवाज लहानपणी हरवल्यावर झाला होता तसा झाला होता. "बाबा, तिला काहीतरी झालंय."

खरं-खोटं करायला तटस्थराव मुद्दाम चिखलाच्या चपला घालून नुकत्याच पुसलेल्या फरशीवरून चालत गेले. एरवी एवढ्यावर इमारत हादरली असती. बायकोने फरशीकडे पाहिलं आणि बाजूने निघून गेली. त्यांनी भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं. तिने ताट उचललं. शेवटी त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. दाराजवळ उभं राहून, म्हणजे वेळ आली तर पळता यावं, ते म्हणाले, "तुझी बहीण फार आगाऊ आहे."

"असेल," बायको म्हणाली. तिने थोडा विचार केला. "नसेलही."

स्वतःचेच शब्द तिच्या तोंडून ऐकून तटस्थराव पळायचंही विसरले. हे ऐकणाऱ्याला असं वाटतं? वर्षानुवर्षं तिने हे ऐकून घेतलं?

त्या दुपारी ते कारखान्यातून पट्ट्या घेऊन आले. भिंतीचा एक कोपरा ओला केला, पट्टी टेकवली आणि लाल की जांभळी याची वाट पाहत राहिले. पट्टी लाल झाली नाही, जांभळी झाली नाही, हिरवीही झाली नाही. तिचा मूळचा पिवळा रंगच निघून गेला. हातात कोरा कागद राहिला. त्यांनी सुरीने भिंत खरवडली. चुन्याचा पापुद्रा गेला, खाली तसंच पांढरं. गिलावा गेला, खाली वीटसुद्धा पांढरी.

बायको पाठमोरी मशीन चालवत होती. भिंत खरवडल्याचा आवाज होऊनही तिने मान वळवली नव्हती. तटस्थराव जवळ गेले. सुई भराभर खालीवर होत होती, पांढरं कापड पुढे सरकत होतं, त्यावर बारीक भोकांची सरळ रेघ उमटत होती. मशीनला दोरा नव्हता. शेजारी घडी घालून ठेवलेल्या साऱ्या कापडांवर तशाच रेघा होत्या. तिने किती दिवस असं शिवलं होतं कुणास ठाऊक.

"अगं, दोरा नाही," ते कसेबसे म्हणाले.

"हो का," ती म्हणाली. पाय चालूच राहिले.

त्यांनी हाताला धरून तिला बाहेर आणलं. ती आली. हात सोडला की पुन्हा आत जाऊन बसली. बाहेरून कडी घातली तर दाराला कपाळ टेकवून उभी राहिली, न रागावता, न थकता. ते बघवेना म्हणून त्यांनीच कडी काढली.

टाकीत चुना जास्त झाला तर काय करायचं हे तटस्थरावांना कुणी शिकवायला नको होतं. थोडं आम्ल परत सोडायचं. पण खोलीत सोडायचं आम्ल आणायचं कुठून? इमारतीतल्या आंबट माणसांची तर केव्हाच चव गेली होती. मग त्यांना सुचलं. आपल्याजवळ आहे की. जन्मभर वर्तमानपत्रामागे बसून गिळलेलं सगळं कुठे गेलं असेल? आतच असणार.

ते खोलीत गेले, दार लावलं, बायकोसमोर उभे राहिले आणि ओरडले. ओरडायची सवय नसल्याने पहिला आवाज मांजरासारखा निघाला.

"माझी सायकल मला न विचारता भंगारात दिलीस! नवी घंटी बसवली होती मी तिला!"

मशीन चालू राहिलं.

"माझ्या भावाच्या घरी, सगळ्यांसमोर म्हणालीस, यांना विचारू नका, हे नुसते बसलेले असतात! मला जेवण गेलं नाही त्या दिवशी! तू घोरतेस! तुझा चहा पांचट असतो! तुझ्या बहिणीने मला एकदाही भावजी म्हटलेलं नाही!"

सुईचा वेग जरा मंदावला. तटस्थरावांना वाटलं, प्रत्येक वाक्याबरोबर छातीतून काहीतरी ओढलं जातंय, आणि भिंती ते पीत आहेत. पण आता त्यांना जोर चढला होता.

"आणि मुलगा परगावी गेला तेव्हा सगळ्यांना सांगितलंस, की तो बापामुळे गेला! या घरात बोलायला भिंतीच आहेत म्हणालीस!"

मशीन थांबलं. बायकोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मग खोटं होतं का ते?" ती म्हणाली. आवाज दुरून आल्यासारखा होता, पण तिचाच होता. "सांगा ना, खोटं होतं?"

तटस्थरावांना रडूच आलं. इथे थांबायला हवं हे त्यांना कळत होतं. पण क्षणभर थांबले तर तिच्या पाळ्यांचा रंग उतरू लागला, डोळे पुन्हा भिंतीकडे वळू लागले. त्यांनी घाईघाईने आत हात घातल्यासारखं चाचपलं. तक्रारी संपल्या होत्या. मग जे हाताला लागलं ते ओतलं. ती बाळंतपणाला आत होती आणि हे दवाखान्याच्या जिन्यात बसून होते, कुणी विचारलं तर "वेळ जात नाही म्हणून आलोय" म्हणत, ते सांगितलं. संध्याकाळी जिन्यातच तिचं कुणाशी तरी चाललेलं कडाक्याचं भांडण ऐकू आलं की चपला न वाजवता दोन मिनिटं उभे राहून ऐकत, कारण घर आलं असं वाटे, ते सांगितलं. "तुझ्यावाचून मला करमत नाही गं," ते म्हणाले, "कधी बोललो नाही. बोललो असतो तर एक बाजू घेतल्यासारखं झालं असतं."

"अहो!" बायको किंचाळली. ती ताडकन उभी राहिली. "मेलं दार का लावून घेतलंय? आणि ही काय दशा केलीत भिंतीची? चला, चला आधी बाहेर!" तिने त्यांचं मनगट धरलं आणि फरफटत बाहेर काढलं. हुंदके देत, शिव्या देत, नाक पुसत तिने दाराला कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी तिने सुतार बोलावून त्या दारावर फळ्या ठोकून घेतल्या आणि फळ्या वाकड्या ठोकल्या म्हणून त्याला जिन्यापर्यंत फैलावर घेतलं. मुलाला फोन करून असं झापलं, की तो मिळेल त्या गाडीने निघतो म्हणाला. शेजारपाजारचे लोक आनंदाने दारात जमले. "वहिनी परत आल्या," एकमेकांना सांगू लागले.

तटस्थराव खुर्चीत बसले होते.

तेव्हापासून ती त्यांच्याशी भांडते आहे. सकाळी उठल्यापासून. सायकल काढते, बहीण काढते. "म्हणा ना पुन्हा, मी घोरते म्हणून! म्हणा!" ती त्यांच्या हातातलं वर्तमानपत्र हिसकावते, फाडते, तुकडे अंगावर फेकते. मुलगा येऊन दाराशी उभा आहे, अजून खांद्यावरची बॅग त्याने उतरवलेली नाही. जिन्यात शिरस्तेदार आहेत, भूगोलाच्या बाई आहेत, सचिव आहेत. कुणीही सल्ला देत नाही.

तटस्थराव दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ऐकतात. समोरच्या या बाईंचा आवाज चांगला खणखणीत आहे, असं त्यांना वाटतं. यांना कुठे तरी ऐकलं असावं. बाईंनी आता त्यांचे खांदे धरले आहेत, त्या रडत आहेत, आणि पुन्हा पुन्हा विचारत आहेत, "कुठे गेलात हो? अहो, कुठे गेलात तुम्ही?"

बाईंचं कुणीतरी हरवलेलं दिसतंय. तटस्थरावांनी सौजन्याने इकडेतिकडे पाहिलं. मग बाईंना खुर्चीखाली नीट बघता यावं म्हणून त्यांनी पाय उचलून वर घेतले.